थंडीतली सहल : हुरड्याची आगटी आणि पोपटीचं मडकं

डिसेंबर लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. कुणाला नातेवाइकांसह शेतावर हुरड्याला जायचं असतं, कुणाला मित्रांबरोबर रायगडातल्या एखाद्या वाडीवर पोपटी (मडक्यात शिजवलेल्या वालाच्या शेंगा) लावायची असते. दोन्हीकडे गंमत एकच, शेकोटीभोवती बसून जे निघेल ते गरम गरम खायचं. आणि दोन्हीकडे चुकतंही बहुतेक एकाच ठिकाणी : माणसांच्या सोयीने दिवस ठरतो, पिकाच्या सोयीने नाही. या अंकात निवडक प्रश्नांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मागच्या वर्षी 26 जानेवारीच्या सुट्टीला आम्ही वीस जण ओळखीच्या शेतावर हुरड्याला गेलो. कणसं दिसायला हिरवीगार होती, पण दाणे निबर निघाले. या वर्षी शेतकऱ्याला नेमकं काय विचारावं? (नाशिकहून एक वाचक)

कणसाच्या रंगावर जाऊ नका. कणीस बाहेरून हिरवं दिसत असतानाच आतला दाणा घट्ट होऊन बसलेला असू शकतो. ज्वारीच्या दाण्यात आधी पातळ दूध भरतं, मग ते दाट होतं, मग पिठूळ होतं आणि शेवटी कडक. सुरुवातीला दाण्यात साखर जास्त असते, पुढे तिचं पिष्ट होत जातं. दूध दाट झालेलं, पण पीठ अजून धरलेलं नाही, ही मधली अवस्था म्हणजे हुरडा. एका शेतात ती जेमतेम आठवडाभर टिकते. ऊन तापलं तर त्याहूनही कमी, कडाक्याची थंडी असेल तर दोन-चार दिवस जास्त.

म्हणून शेतकऱ्याला पहिला प्रश्न विचारा तो पेरणीच्या तारखेचा. रब्बी ज्वारी साधारण पेरणीपासून 90 ते 100 दिवसांत हुरड्यावर येते. सप्टेंबरच्या 20 तारखेला पेरलेलं शेत नाताळाच्या सुमारास हुरड्यावर येईल; 26 जानेवारीपर्यंत त्याची भाकरीची ज्वारी व्हायला आलेली असेल. तुमचा दिवस 26 जानेवारीच हवा असेल तर ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातली पेरणी शोधा. जे शेतकरी दरवर्षी हुरड्याला पाहुणे बोलावतात ते दहा-बारा दिवसांच्या अंतराने तुकड्या-तुकड्याने पेरतात. अशा ठिकाणी तारखेची चिंता बरीच कमी होते.

दुसरा प्रश्न वाणाचा. मालदांडी ही मुळात भाकरीची ज्वारी. तिचाही हुरडा होतो, पण दाणा फोलपटातून सहज सुटत नाही आणि गोडीही बेताची. हुरड्यासाठी सुरती, गुळभेंडी, कुची-कुची ही जुनी नावं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे फुले उत्तरा आणि फुले मधुर, परभणीच्या विद्यापीठाचा परभणी वसंत हे वाण खास हुरड्यासाठीच काढलेले आहेत. ‘हुरड्याची ज्वारी आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका, नाव विचारा.

तिसरा प्रश्न फवारणीचा, आणि तो विचारताना संकोच करू नका. अलीकडे ज्वारीवर लष्करी अळीसाठी आणि माव्यासाठी औषध मारावं लागतं. औषधाच्या लेबलवर फवारणीनंतर किती दिवस पीक खाऊ नये ते छापलेलं असतं. तेवढे दिवस उलटलेले असले पाहिजेत. भाजल्याने औषध निघून जातं अशी समजूत आहे, तिच्यावर विसंबू नये.

जायच्या तीन दिवस आधी शेतकऱ्याला एक दाणा नखाने दाबून पाहायला सांगा. पातळ दूध उडालं तर अजून चार-पाच दिवस आहेत. नख सहज रुतून दाट, चिकट पांढरा गर आला तर दिवस पक्का करा. नख रुतायला जोर लागला आणि आत कोरडं पीठ दिसलं, तर ते शेत सोडा. कणसं मात्र जायच्या दिवशी सकाळीच कापलेली असू देत. आदल्या संध्याकाळी तोडून ठेवलेल्या कणसांची गोडी उतरते, दाण्यातलं पाणी कमी होतं आणि मग कितीही चांगला भाजणारा असला तरी हुरडा चामट लागतो.

शेतावर गेल्यावर कणसं एकदा नजरेखालून घाला. एखाद्या कणसात दाण्यांच्या जागी काळी भुकटी भरलेली दिसली तर तो काणी रोग. असं कणीस बाजूला काढा, ते आगटीत, म्हणजे कणसं भाजायच्या निखाऱ्यांच्या खड्ड्यात, टाकलं की काळी पूड बाकीच्या दाण्यांवर बसते.

प्रश्न : आम्ही स्वतः आगटी पेटवली. कणसं बाहेरून काळी झाली आणि दाणे आतून कच्चेच राहिले. कुठे चुकलं? (सोलापूरहून एक वाचक)

ज्वाळेवर भाजलंत. हुरड्याला जाळ चालत नाही, आर, म्हणजे लाल निखारा, लागतो. जाळावर फोलपट क्षणात पेटतं, दाण्याला कढ लागायच्या आधीच बाहेरून कोळसा होतो आणि धुराचा कडवटपणा आत शिरतो.

आगटीचा खड्डा दीड फूट रुंद आणि साधारण एक फूट खोल पुरतो. खोली जास्त झाली तर हवा खेळत नाही, गोवऱ्या धुमसत राहतात. जमीन ओली असेल तर तळाशी थोडी कोरडी माती किंवा विटांचे तुकडे पसरा. पंधरा-वीस सुक्या गोवऱ्या उभ्या रचून, मध्ये थोडा पाला ठेवून पेटवा. गोवऱ्या पूर्ण कोरड्या हव्यात. अर्धवट वाळलेली गोवरी फक्त धूर करते. लाकूड वापरायचंच असेल तर बाभळीचं, कारण त्याचा निखारा टिकतो. पण गोवरीची आच मंद आणि सगळीकडे सारखी असते, हुरड्याला तीच मानवते.

पेटवल्यापासून अर्धा-पाऊण तास काहीही करू नका. पाहुणे आले, मुलं भुकेली आहेत म्हणून इथेच घाई होते. ज्वाळा बसून वर पांढरी राख धरली आणि खाली लाल आर दिसू लागला की आगटी तयार. मग कणसं दांड्याला धरून, तुरा आरात आणि दांडा बाहेर, अशी कडेने खोचा. एका वेळी आठ ते दहा. वर थोडी गरम राख ओढा. दीड-दोन मिनिटांनी दांडा फिरवून बाजू बदला. चार-पाच मिनिटांत हिरवा रंग मावळतो, कडा तांबूस होतात आणि बारीक तडतड ऐकू येते. ती तडतड सुरू झाली की कणीस काढायचं. दाणे फुटून लाह्यांसारखे उडू लागले म्हणजे उशीर झाला.

काढल्याबरोबर दांडा आपटून राख झाडा आणि गरम असतानाच चोळा. गार झालं की फोलपट दाण्याला घट्ट बसतं आणि मग चोळणाऱ्याचे हात सोलून निघतात. सरावाचे हात तळव्यांवरच चोळतात. तुम्ही कणीस स्वच्छ गोणपाटाच्या घडीत धरा, वरून तळव्याने दाबून पुढे-मागे चोळा. दाणे खाली पडले की सुपात घेऊन पाखडा. सूप येत नसेल तर परातीवर फुंकर घालूनही फोलपट उडतं, फक्त वाऱ्याकडे पाठ करून बसा.

एक खूणगाठ बांधून ठेवा : हुरडा सगळ्यांसाठी एकदम करून वाढायचा पदार्थ नाही. वीस जणांचा हुरडा भाजून ढीग लावलात तर शेवटच्या माणसाला गार, चिवट दाणे मिळतील. आगटीभोवती बसायचं, आठ-दहा कणसं निघाली की मूठ-मूठ वाटून घ्यायची, पुढचा घाणा येईपर्यंत गप्पा. माणसं पंधराहून जास्त असतील तर एक मोठी आगटी करण्यापेक्षा दोन लहान करा. मोठ्या खड्ड्यात मधली आच वाया जाते आणि कडेला बसणाऱ्यांना झळ लागते.

प्रश्न : वीस माणसांना किती कणसं लागतील? सोबत काय न्यावं? (पुण्याहून एक वाचक)

हुरड्याच्या वाणाचं मध्यम कणीस साधारण 50 ते 70 ग्रॅम दाणे देतं. पुढे जेवण असेल तर माणशी तीन कणसं, नुसत्या हुरड्यावर भागवायचं असेल तर चार-पाच. वीस जणांना 80 कणसं सांगून ठेवा आणि वर दहा जास्त. काही करपतात, काही निबर निघतात.

तोंडीलावणं सगळं कोरडं किंवा दाट असावं. हुरड्यात स्वतःचा ओलावा असतो, पातळ चटणी त्यात कालवली की लगदा होतो. वीस जणांना पुरेल अशी शेंगदाण्याची चटणी : 300 ग्रॅम दाणे मंद आचेवर भाजून, साल काढून घ्या. त्यात 15 लसूण पाकळ्या, एक चमचा जिरं, दोन मोठे चमचे लाल तिखट, सव्वा चमचा मीठ. खलबत्त्यात कुटा. मिक्सर वापरणार असाल तर थांबत थांबत फिरवा, सलग फिरवलं की दाणे तेल सोडून त्याचं लोणी होतं. लसूण सोलून घंटाभर उघडा ठेवा, म्हणजे चटणी दोन दिवस ओलसर वास धरत नाही.

कवठाची चटणी याच दिवसांतली आणि हुरड्याशी तिचं फार जमतं. पिकलेल्या एका मोठ्या कवठाच्या गराला तेवढाच गूळ, अर्धा चमचा तिखट, अर्धा चमचा जिरेपूड, चवीला मीठ. कवठ पिकलंय का ते पाहायला ते हातभर उंचीवरून जमिनीवर टाकून बघा : टणकन उसळलं तर कच्चं, बद्द आवाज आला तर पिकलेलं.

याशिवाय गूळ, बारीक शेव, दही, रेवड्या, बोरं, ओला हरभरा. यातलं सगळं हवंच असं नाही. पंधरा वाट्या मांडून बसलं की हुरडा बाजूला राहतो आणि शेवेनेच पोट भरतं. दोन चटण्या, गूळ आणि दही एवढ्यावर उत्तम हुरडा होतो.

प्रश्न : हुरड्यावर पाणी पिऊ नये म्हणतात ते खरं का? आमच्याकडे दर वेळी कुणाचं तरी पोट फुगतं. (लातूरहून एक वाचक)

दोष पाण्याचा नसतो, मात्रेचा असतो. हुरड्यात चोथा भरपूर. मऊ आणि गोड असल्याने तो न चावता, मुठीमुठीने खाल्ला जातो. वर ऊस, बोरं आणि ओला हरभरा. एवढं सगळं तासाभरात पोटात गेलं की फुगणारच. एक मूठ सावकाश चावून खायची, मग दुसरी. तहान लागली तर घोट-घोट पाणी प्यायला काही हरकत नाही. जिरेपूड घातलेलं ताक शेवटी घ्यावं हा रिवाज चांगलाच आहे.

मधुमेह असलेल्यांनी हुरडा हिरवा म्हणून भाजीत धरू नये, तो धान्यातच मोजावा. उलट ज्यांना गव्हातलं ग्लुटेन चालत नाही त्यांना ज्वारी चालते, पण सोबतच्या पदार्थांकडे लक्ष ठेवा.

मुलांना एक गोष्ट सांगून ठेवा : ज्वारीची कोवळी पानं आणि फुटवे चघळायचे नाहीत. कोवळ्या ज्वारीच्या ताटात विषारी द्रव्य तयार होतं, ती चरल्याने गुरं दगावतात. शेजारी ऊस असेल तर तो वेगळा आणि ज्वारी वेगळी, हे शहरातल्या मुलांना दाखवून द्यावं लागतं.

प्रश्न : सहलीला ताक नेलं की पोहोचेपर्यंत आंबतं. नीरा नेता येईल का? (अहिल्यानगरहून एक वाचक)

ताक नेऊ नका, दही न्या. वीस जणांना माणशी दोन पेले म्हणजे आठ लिटर ताक. त्यासाठी दोन किलो दही आणि सहा लिटर पाणी पुरतं. दही आदल्या रात्री लावलेलं, सकाळी फ्रिजमध्ये दोन-तीन तास गार केलेलं असावं. स्टीलच्या डब्यात घालून ओल्या फडक्यात गुंडाळा. तांब्या-पितळेचं भांडं कल्हई नसेल तर अजिबात नको, आंबट पदार्थ धातू खातो. शेतावर पोहोचल्यावर घुसळा. मीठ 40 ग्रॅम, म्हणजे साधारण सात सपाट चमचे, दोन मोठे चमचे जिरेपूड, बोटभर आलं किसून, तीन-चार मिरच्या ठेचून आणि मूठभर कोथिंबीर. आलं अगदी शेवटी घाला. ते ताकात तासन्‌तास राहिलं की कडवट झाक येते.

बर्फ घ्यायचा तर खाण्याचाच घ्या. माल गार ठेवण्यासाठीच्या अखाद्य बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम आहे. असा बर्फ डब्याच्या बाहेर चालेल, पेल्यात नाही. सगळ्यात सोपं म्हणजे घरी उकळून गार केलेलं पाणी दोन बाटल्यांत, वर चार बोटं जागा सोडून, रात्रभर गोठवायचं. जाताना तेच दह्याचा डबा गार ठेवतं आणि दुपारी वितळून ताकातही जातं.

नीरा हे पहाटेचं पेय आहे. झाडावरून उतरवल्यापासून त्यातल्या साखरेवर हवेतलं यीस्ट काम करू लागतं, आणि ऊन चढलं की तो वेग फार वाढतो. अधिकृत केंद्रावरून सकाळी घेऊन तिथेच प्यायची, ही उत्तम रीत. न्यायचीच असेल तर भरपूर बर्फात, दोन-अडीच तासांच्या आत संपवायची. घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीत भरू नका, आत वायू साठून बाटली फुटू शकते. वर फेस आला, आंबूस वास आला तर ती नीरा राहिलेली नाही, मुलांना देऊ नका.

प्रश्न : अलिबागजवळ मित्रांच्या वाडीवर पोपटी लावायची आहे. आमच्यापैकी कुणीच कधी लावलेली नाही. पहिल्यापासून सांगाल का? (ठाण्याहून एक वाचक)

पोपटी म्हणजे वालाच्या शेंगा, त्यांच्याबरोबर कंद, अंडी, हवी तर कोंबडी, मडक्यात गच्च भरून, पाण्याचा थेंबही न घालता, बाहेरून जाळ करून शिजवायची. पाणी नाही तर वाफ कुठून येते? भांबुर्डा या उग्र वासाच्या रानवनस्पतीच्या पाल्यातून आणि शेंगांतून. पाला मडक्याच्या भिंतीलगत राहून करपण्यापासून वाचवतो, वाफ देतो आणि तोच वासही देतो. भांबुर्ड्याशिवायची पोपटी म्हणजे नुसत्या उकडलेल्या शेंगा.

दहा जणांसाठी : वालाच्या भरलेल्या शेंगा अडीच किलो, लहान बटाटे एक किलो, रताळी पाऊण किलो, अंडी बारा, कोंबडी दीड किलो. यासाठी दहा-बारा लिटरची दोन मडकी घ्या. सगळं एकात कोंबण्याचा मोह टाळा; मडकं मोठं होत गेलं की मध्यभागी आच पोहोचायला फार वेळ लागतो, तोवर कडेचं करपतं. शाकाहारी मंडळी असतील तर दोन मडक्यांचा प्रश्नही आपोआप सुटतो. एकाच मडक्यात केळीच्या पानाआड कोंबडी ठेवली तरी तिचा रस शेंगांत उतरतोच.

शेंगा दाण्यांनी भरलेल्या, पण साल हिरवी असलेल्या हव्यात. धुऊन निथळा, ओलसर असतानाच अडीच किलोला तीन मोठे चमचे जाडं मीठ आणि दोन मोठे चमचे हातावर चुरडलेला ओवा लावा. मीठ सढळ वाटलं तरी साल टाकून द्यायची असते, आत बेताचंच जातं.

कोंबडीचे मध्यम तुकडे करा. दीड किलोला तीन मोठे चमचे आलं-लसूण वाटण, एक चमचा हळद, तीन मोठे चमचे घरचा मसाला, अडीच चमचे मीठ, दोन लिंबांचा रस, दोन चमचे तेल. दही नको, त्याला पाणी सुटून पुडी गळते. चार तास मुरवा आणि मडक्यात भरेपर्यंत बर्फात ठेवा. गाडीच्या डिकीत दुपारभर मुरलेली कोंबडी आजाराला निमंत्रण देते. केळीचं पान जाळावर धरून मऊ करा, त्यात पाव किलोच्या चपट्या पुड्या बांधा. चपट्या, कारण जाड गोळ्याच्या आतलं मांस कच्चं राहतं.

आता भरणं. तळाला चार बोटं भांबुर्डा दाबून बसवा, भिंतीलाही पाल्याचा थर द्या. त्यावर शेंगा. बटाटे आणि रताळी भिंतीकडे, कारण त्यांना आच जास्त लागते. पुड्याही भिंतीजवळ, उभ्या, मध्ये शेंगांचा एक थर ठेवून. अंडी अगदी मधोमध, शेंगांत रुतवून. ती फ्रिजमधून काढलेली गारढोण नकोत, तडकतात. मडकं गच्च भरलं पाहिजे; पोकळी राहिली तर उपडं करताना सगळं खाली येतं. तोंडाशी पुन्हा भांबुर्डा, मुठीने दाबून बूच बसवल्यासारखा.

मग मडकं उपडं, तोंड जमिनीला टेकवून सपाट जागेवर ठेवायचं. वाफ वर चढते आणि वर मडक्याचा बंद तळ असतो, म्हणून ती आतच कोंडली जाते. चोहोबाजूंनी सुक्या काटक्या, झावळ्या, करवंट्या रचा, वर पेंढा टाका आणि पेटवा. हुरड्याच्या अगदी उलट, इथे जाळच हवा, सगळीकडून आणि सलग. वारा असेल तर जाळ एकीकडे झुकतो आणि दुसरी बाजू कच्ची राहते. वाऱ्याच्या बाजूला विटांचा आडोसा करा आणि मागे पडलेल्या बाजूला काटक्या घालत राहा.

नुसत्या शेंगांच्या मडक्याला साधारण अर्धा तास, कोंबडीच्या मडक्याला 40 ते 45 मिनिटं. झालं का ते पाहायला बोटांनी चार थेंब पाणी मडक्यावर शिंपडा. चर्र आवाज होऊन क्षणात सुकलं आणि भाजक्या शेंगांचा वास सुटला की जाळ बाजूला ओढा. थेंब ओघळत असतील तर अजून वेळ आहे. शिंपडायचे थेंबच, तांब्याभर पाणी ओतलंत तर मडकं तडकेल. जाळ काढल्यावर दहा मिनिटं तसंच राहू द्या.

उघडताना जाड, कोरडं गोणपाट हाताला गुंडाळा आणि चेहरा लांब ठेवा. पाला ओढताच वाफेचा लोट येतो. केळीच्या पानांवर ओता. वर्तमानपत्रावर नको, गरम ओल्या अन्नाला शाई लागते. आधी एक पुडी उघडून सगळ्यात जाड तुकडा हाडापर्यंत फोडा. मांस हाडापासून सुटलं पाहिजे, रस गुलाबी नको. तापमापी असेल तर आत 74 अंश सेल्सिअस. कच्चं वाटलं तर पुड्या परत मडक्यात भरत बसू नका, निखाऱ्यावर तवा ठेवून त्यावर दहा मिनिटं उलटसुलट करा. वालाचे दाणेही बोटाने दाबून मऊ झालेत का पाहा. अर्धकच्चे वाल खाऊ नयेत, त्याने मळमळ होते.

प्रश्न : पोपटीचं मडकं दोनदा फुटलं. कोणतं घ्यावं? (पेणहून एक वाचक)

वापरलेलं, कोरडं मडकं सगळ्यात भरवशाचं. बाजारातून नवं आणलं असेल तर टिचकी मारून पाहा : खणखणीत आवाज हवा, बद्द आवाज म्हणजे आत चीर. चार-पाच दिवस उन्हात ठेवा, मग रिकामंच मंद शेकोटीवर पंधरा मिनिटं फिरवून तापवा. ओल्या मातीत पाणी मुरलेलं असतं, एकदम जाळ लागला की त्याची वाफ होऊन मडकं फोडते. याच कारणाने ओलसर जमिनीवरही मडकं ठेवू नये. रंगवलेली, चकाकती शोभेची मडकी मुळीच वापरू नका, तो रंग तापवायचा नसतो.

प्रश्न : भांबुर्डा ओळखायचा कसा? मिळाला नाही तर? (पनवेलहून एक वाचक)

भातकापणीनंतर शेताच्या बांधांवर, पडीक जागेत तो थंडीत उगवतो. पानं मऊ, लवदार, कडा दातेरी, फुलं पिवळी. पान चुरगाळलं की कापरासारखा उग्र वास येतो, हीच खरी ओळख. गाजरगवताची पानं गाजराच्या पानासारखी चिरलेली आणि फुलं पांढरी असतात. ते अंगावर खाज आणतं, अन्नात नकोच. घाणेरीची पानं खरखरीत, तीही विषारी. खात्री नसेल तर गावातल्या जाणत्या माणसाकडून काढून घ्या. रस्त्याच्या कडेचा, तणनाशक मारलेला पाला नको.

मिळालाच नाही तर केळीच्या पानांचा थर, त्यावर ओव्याची पानं आणि थोडी कोबीची बाहेरची पानं. वाफेचं काम होईल, वासाचं नाही.

प्रश्न : आम्ही सदनिकेत राहतो. गच्चीवर जाळ करता येत नाही. यातलं काही गॅसवर जमेल का? (मुंबईहून एक वाचक)

हुरडा बऱ्यापैकी जमतो. बाजारात सोललेले हुरड्याचे दाणे मिळतात. पाव किलो दाणे लोखंडी तव्यावर मध्यम आचेवर टाका, मिठाच्या पाण्याचा एक चमचा शिंपडून दोन मिनिटं झाकण ठेवा, मग झाकण काढून तीन मिनिटं परता. आधी झाकलं नाही तर दाणा बाहेरून कडक होतो. कणसं मिळाली तर ओव्हनमध्ये 200 अंशांवर आठ-दहा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. दाणे निबर निघाले तर टाकू नका : दोन वाट्या दाणे हिरवी मिरची, लसूण, जिरं घालून भरड वाटा, अर्धी वाटी बेसन आणि कांदा मिसळून थालीपीठ लावा.

पोपटीसाठी जाड बुडाचं पातेलं, तळाला भांबुर्ड्याचा जाड थर, अर्धी वाटी पाणी, घट्ट झाकण आणि त्यावर वजन. मंद आचेवर 40 मिनिटं. धुराची चव येणार नाही, बाकी सगळं येईल.

प्रश्न : आजी-आजोबा आणि लहान मुलं बरोबर असतील तर काय काळजी घ्यावी? (कोल्हापूरहून एक वाचक)

बसण्याची जागा आगीआधी ठरवा. वारा कुठून येतो ते पाहून मंडळी वाऱ्याच्या बाजूला बसवा, धूर पलीकडे जाईल. दम्याचा त्रास असलेल्यांना आगटी पूर्ण आरावर आल्यावरच जवळ बोलवा. आजी-आजोबांसाठी खुर्च्या न्या. बांधावर तासभर उकिडवं बसणं त्यांना झेपत नाही आणि मग सगळ्यांना लवकर उठावं लागतं. त्यांचा हुरडा जरा कोवळ्या कणसांचा काढून द्या.

आग कडब्याच्या गंजीपासून, वाळल्या गवतापासून निदान 40 फूट दूर, आणि गंजी वाऱ्याच्या दिशेला नसावी. पाण्याच्या दोन बादल्या पेटवण्याआधी भरून ठेवा. वनखात्याच्या हद्दीत आणि संरक्षित किल्ल्यांवर चूल पेटवायला मनाई आहे, तिथे घरून डबा न्या.

निघताना निखारे मातीने किंवा वाळूने झाकून जाऊ नका. आत आर तासन्‌तास धुमसतो, वरून काही दिसत नाही आणि खेळणाऱ्या मुलाचा पाय नेमका त्यावर पडतो. पाणी ओता, काठीने ढवळा, परत पाणी ओता. राखेवर वीतभर अंतरावर हाताची पालथी बाजू धरून पाहा. गरम लागलं तर तिसरी बादली आणा.